दार सांगते, नाव नाही

कुठं आग लागलेली असो की ओढ्याला पाणी येऊन एसटी अडकलेली असो, अक्का फोन उचलल्यावर आधी विचारायच्या, "जेवलात का?" समोरचा घाबरून भडाभडा बोलत असला तरी हा प्रश्न चुकायचा नाही. तो माणूस क्षणभर थांबायचा, "न्हाय अजून" म्हणायचा आणि मग नीट बोलायला लागायचा. मी एकदा हे करून पाहिलं. पाइप फुटल्याचं कळवायला फोन केलेल्या एका ग्रामसेवकाला मीही विचारलं, "जेवलात का?" तो चाचरत म्हणाला, "साहेब, माझ्यावर काही चौकशी लागलीय का?"

अक्का जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात अधिकारी होत्या आणि मी एका पाणीपुरवठा योजनेचा अभियंता. आमची योजना तुळजापूर तालुक्यातल्या बऱ्याच गावांना पाणी देते. वयानं आम्ही बरोबरीचे. त्या अणदूरच्या, वडिलांचं किराणा दुकान, घरात कन्नड आणि गल्ल्यावर मराठी अशा वाढलेल्या. शिक्षण इतिहासात एम. ए. मी पुण्याला जाऊन संगणकाच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. ही माहिती मी उगाच देत नाही. त्यांच्या आणि माझ्या तुलनेत माझं पारडं कुठं जड होतं, हे मला अजूनही सांगावंसं वाटतं.

जिल्ह्याच्या बैठकीत मी दरवेळी सायबर हल्ल्याचा विषय काढायचो. हल्ली पंप आणि व्हॉल्व्ह संगणकावरून चालतात, तेव्हा ते बाहेरून कुणी ताब्यात घेऊ शकतं, हे मी पडद्यावर चित्रं दाखवून समजवायचो. लोक मोबाइल बघत बसायचे. एकदा माझं झाल्यावर अक्का म्हणाल्या, "म्हंजे चोर घरात शिरतो, काही नेत न्हाय, आपल्यालाच बाहेर काढून आतनं कडी लावतो. असंच ना साहेब?" सगळ्यांनी माना वर केल्या. एका तहसीलदारांनी ते वाक्य लिहून घेतलं. महिनाभर ते वाक्य जिल्हाभर फिरत राहिलं, आणि ते अक्कांचं म्हणून फिरलं.

मग खरोखरच चोर शिरला.

ऐन उन्हाळ्यातली सकाळ होती. जलशुद्धीकरण केंद्रातल्या आमच्या पडद्यावर सगळ्या टाक्या भरलेल्या दिसत होत्या आणि तामलवाडीहून फोन येत होते की नळाला थेंब नाही. आधी मला वाटलं, सेन्सर बिघडला असेल. तेवढ्यात एक एक करत पडदे काळे झाले. एकावर इंग्रजी मजकूर उमटला: तुमची यंत्रणा आमच्या ताब्यात आहे, सोडवायची तर पैसे द्या. मी धावत जाऊन जोडणीच्या सगळ्या तारा उपटल्या. पडद्यावरचा कुठलाच आकडा आता खरा धरता येत नव्हता. कुठल्या टाकीत किती पाणी आहे, पंप किती दाबानं चाललेत, पाण्यात क्लोरीन बरोबर पडतोय की नाही, यातलं काही सांगता येत नव्हतं.

मी वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "बाहेर तांत्रिक बिघाड म्हणा. अन् लगेच चालू करा." मी हो म्हणालो.

थोड्याच वेळात अक्कांची जीप आली. माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून त्या बसल्या. "साहेब, चालू काय हाय, बंद काय हाय, ते नंतर सांगा. तुम्हाला ठाऊक काय न्हाय, ते आधी सांगा."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो. यादी लांबत गेली. त्या अधूनमधून फक्त "व्हय" म्हणत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी फोन लावायला घेतले. पडदा काय दाखवतोय ते सोडून द्या, प्रत्येक टाकीवर माणूस चढवा आणि डोळ्यानं बघून सांगा, असा निरोप गावोगावी गेला. आमच्याच पाण्यावर एक डायलिसिस केंद्र चालायचं. पहिला टँकर तिकडं गेला. एका गावचे पुढारी फोनवर तापले तेव्हा अक्का म्हणाल्या, "तुमच्या गावाला दुपारी देते. तिथं माणसं सुया टोचून बसल्यात. तुमीच सांगा, कुणाला आधी देऊ?" पुढारी "दुपारी नक्की ना?" म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, हे मलाही बोलता आलं असतं. पण मला पुढाऱ्यांनी फोनच केला नव्हता.

दुपारच्या सुमाराला मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट घडली. मी एकटा संगणकांशी झटत होतो, हल्लेखोर आत कुठून आले ते सापडत नव्हतं. ते सापडल्याशिवाय पुन्हा चालू करणं म्हणजे त्यांना पुन्हा आत घेणं होतं. अक्का बाहेर लिंबाच्या झाडाखाली आमच्या माणसांबरोबर चहा पीत होत्या. त्या आत आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, कुणीतरी घरनं पंप बघता यावा म्हणून कंट्रोलच्या संगणकावर एक प्रोग्राम टाकला होता. मोबाइलवरनं बघायचा. पासवर्ड साधाच होता. तिथनं आले असतील का?"

तिथूनच आले होते. मी ते पाच-दहा मिनिटांत ताडून पाहिलं. मग विचारलं, "कोण तो?"

"दार सांगते, नाव न्हाय."

"अक्का, हे केंद्र माझं आहे. माझी माणसं आहेत."

"म्हणूनच न्हाय सांगत. आज तुम्ही त्याला फाडून खाल, अन् उद्या दुसरं काही झालं तर कुणी तोंड उघडणार न्हाय. पाणी चालू हू द्या. तो स्वतः येईल तुमच्याकडं."

मी भयंकर चिडलो. ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खात होतो, त्यांच्यापैकी एकानं हे एका परक्या खात्यातल्या बाईला एका चहात सांगितलं होतं. सकाळपासून मी त्यांना एकेकाला बोलावून विचारत होतो, तेव्हा सगळे जमिनीकडं बघत होते. माझा राग हल्लेखोरांवर नव्हता, त्या माणसावरही फारसा नव्हता. तो अक्कांवर होता. त्यांना ते सांगितलं गेलं, यावर होता.

साहेबांचा पुन्हा फोन आला. संध्याकाळपर्यंत यंत्रणा चालू दिसली पाहिजे, वरून विचारणा होतेय, म्हणाले. मी काही तरी पुटपुटत होतो. अक्कांनी माझ्याकडं बघत हळूच सांगितलं, "न्हाय म्हणा. नुसतं न्हाय म्हणा, बाकीचं माझ्यावर ढकला." मी म्हणालो, "सर, खात्री होईपर्यंत चालू करणार नाही." पलीकडून जे ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नाही. मग अक्कांनी फोन मागून घेतला, साहेबांना जेवण झालं का विचारलं आणि बोलत बोलत बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "तयार झाले. पेपरवाल्यांना खरं सांगायलाबी तयार झाले."

"तांत्रिक बिघाड म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"खोटं एकदा सांगून भागत न्हाय साहेब. रोज त्याला तेलपाणी करावं लागतं. आपल्याकडं माणसं कुठं हायेत तेवढी?"

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर अफवा आली की हॅकरांनी पाण्यात विष सोडलंय. बायका भरलेले हंडे अंगणात ओतायला लागल्या. त्या उन्हाळ्यात, टँकरनं आणलेलं पाणी. मी एक सविस्तर खुलासा तयार केला. त्यात क्लोरीनचं प्रमाण, नमुन्यांचे निकाल, सगळं होतं. अक्कांनी तो वाचला, चांगला आहे म्हणाल्या, आणि गावागावातल्या बचत गटांच्या बायकांना फोन लावले. "माझ्यावर इश्वास ठेवू नगा. ग्रामपंचायतीत तपासायची बाटली हाय. चौकात बसा, पाण्यात थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीनचं औषध बरोबर पडलंय. न्हाय झालं तर ओता अन् मला शिव्या घाला." चौकाचौकांत पाणी पिवळं होताना लोकांनी पाहिलं. हंडे पुन्हा भरले गेले. माझा खुलासा वर्तमानपत्रात आतल्या पानावर आला होता. मी तो कापून ठेवलाय.

पुढचे काही दिवस माणसांनी हातानं व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडलं, आणि मी एकेक संगणक पुसून नव्यानं उभा केला. डायलिसिस केंद्रातला एकही रुग्ण परत पाठवावा लागला नाही. शेवटचा पंप पडद्यावरून चालू झाला त्या दुपारी नागनाथ माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. आमचा जुना ऑपरेटर, माझ्या डब्यातली शेंगाचटणी हक्कानं खाणारा. "म्या केलं साहेब. आईला लकवा मारलाय, घरी कुणी न्हाय. ड्यूटीतनं उठून जायचो, म्हणून मोबाइलवर घेतलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

त्यानं माझ्या डब्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुमी हुशार हायेत साहेब." त्याची वेतनवाढ थांबली, नोकरी वाचली. चौकशीत मी त्याच्या बाजूनं बोललो. ते मला अक्कांनी सांगितलं नव्हतं, एवढं तरी माझं आहे.

सत्कार झाला. अक्कांना आणि मला, दोघांनाही शाल मिळाली. टाळ्या कुणाला जास्त वाजल्या हे मी ऐकलं नाही, असं मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, "अक्कांना एकदा जेवायला बोलवा ना." त्या जेवायला आल्या. त्या परत निघाल्या तेव्हा माझ्या मुलीनं त्यांना कॉलेज बदलायचंय म्हणून सांगितलं. आम्हाला ते आठवड्यानं कळलं.

पुढच्या बदल्यांत अक्का नांदेडला गेल्या आणि त्यांच्या खुर्चीचा जादा कार्यभार काही दिवस माझ्याकडं आला. निघताना त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला जमंल." मी विचारलं, "कसं?" त्या हसल्या. "मलाबी कुठं ठाऊक हाय." मला ते पटलं नाही. अजूनही वाटतं, त्यांनी काहीतरी माझ्यापासून राखून ठेवलं.

पहिले काही दिवस मला येणारा प्रत्येक फोन एकाच वाक्यानं सुरू व्हायचा: "अक्कांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय." लोक आधी नांदेडला फोन करत होते, आणि तिथून त्या त्यांना माझ्याकडं धाडत होत्या. हळूहळू ते वाक्य गळालं. ते नेमकं कधी गळालं, ते मला सांगता येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांना फोन केला. एक तांत्रिक शंका आहे म्हणालो. शंका अशी काही नव्हती. तिकडं गोदावरीला पाणी चढलं होतं, मागं गलका ऐकू येत होता. त्या म्हणाल्या, "बोला साहेब." मी शंका बनवून सांगायला लागलो, तोच पलीकडं कुणीतरी अनोळखी माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "अक्का, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"एकच मिनिट हां साहेब," म्हणत त्यांनी फोन हातात तसाच धरला. तो माणूस बोलत होता, त्या ऐकत होत्या. मला काही कळत नव्हतं. नांदेडच्या त्या माणसाचा मला इतका हेवा वाटला की मी फोन न ठेवता, ते दोघं बोलणं संपवतील याची वाट बघत बसून राहिलो.