आधी डिस्कला विचारायचं

एव्हेलिओ पेदरोसोने चर्चची पायरी चढल्याला चाळीस वर्षं झाली असतील, तरी मान्सानियोतली अर्धी वस्ती त्याला 'पाद्रीबुवा' म्हणायची. दोष त्याच्या धंद्याचा होता. दर शनिवारी पहाटेच्या बसने राजधानीतून, हवानाहून, आठवड्याचं गाठोडं यायचं, म्हणजे एका मोठ्या हार्ड डिस्कमध्ये कोंबलेल्या जगभरच्या मालिका, सिनेमे, गाणी आणि सामने. त्यातून लोक आपापल्या डिस्का भरून न्यायचे. गावात भरून देणारे पाच जण होते. बाकीचे चौघे डिस्क जोडायचे आणि भरायचे. एव्हेलिओ मात्र आधी तिची जबानी घ्यायचा, पाद्री पापांची कबुली ऐकतो तशी.

म्हणजे काय, तर संगणकावर काळी खिडकी उघडायची, तिच्यात एकच ओळ टाइप करायची. आधी 'स्मार्टसीटीएल' हा शब्द, पुढे डिस्कचं नाव. मग डिस्क स्वतःबद्दल सगळं सांगून टाकते. किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, जास्तीत जास्त किती तापली, कमीत कमी किती गारठली, कुठे कुठे सडली. एव्हेलिओ चष्मा कपाळावर चढवून ते वाचायचा आणि समोर मालक मान खाली घालून बसायचा. 'नवीकोरी आहे' म्हणून विकायला आणलेली डिस्क वीस हजार तास राबलेली निघाली की एव्हेलिओ नुसता पडदा त्या माणसाकडे वळवायचा. "माणूस खोटं बोलतो. डिस्कला ते जमत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तपासलेली प्रत्येक डिस्क वहीत टिपायची, आणि प्रत्येकाला बजावायचं, की बाबा, जपायचं असेल त्याच्या दोन प्रती ठेव.

शेजारच्या ओर्तेन्सियाला हे सगळं थोतांड वाटायचं. ती विधवा, जिभेने तिखट, आणि रोज दुपारी वाटीभर काहीतरी झाकून घेऊन येणारी. "लग्नाआधी बायकोलाही अशीच वायर लावून बघितली होतीस का रे?" असं तिने एकदा भर रांगेत विचारलं होतं, आणि लोक आठवडाभर हसत होते.

ते दिवस रांगेचे होते. ओसरीवर बारा खुर्च्या, बाराही भरलेल्या, शिवाय कठड्यावर चार जण टेकलेले. एव्हेलिओची बायको लवकर गेली, पण पोरगी, माइलिन, त्या ओसरीवरच वाढली. नऊ वर्षांची असताना ती स्टुलावर उभी राहून ती ओळ न बघता टाइप करायची. एकदा तिने कुणाची तरी डिस्क न तपासता उघडली, तर एव्हेलिओने तिला दोन दिवस टेबलाजवळ फिरकू दिलं नाही. आधी डिस्कला विचारायचं, मगच उघडायची. बाप म्हणून त्याने पोरीला लावलेली ही एवढीच शिस्त, बाकी सगळे लाडच.

मग फोनवर इंटरनेट आलं आणि लोक मालिका तिथेच बघू लागले. रांग अजून पुरती मोडली नव्हती तेव्हा, चार वर्षांपूर्वी, माइलिन दूर दक्षिणेच्या थंड मुलखात, मोन्तेविदेओला गेली. जाण्याआधीच्या शनिवारी एव्हेलिओने एक गंमत केली होती. ओसरीवर टांगलेल्या कुंडीत मायक्रोफोन लपवला आणि सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंतचा आवाज धरून ठेवला. त्यात गाणं नाही, भाषण नाही. खुर्च्या सरकतात, कप वाजतात, ओर्तेन्सिया कुणाशी तरी हुज्जत घालते, कुणीतरी 'शेवटचा कोण?' म्हणून रांगेचं टोक विचारतं. नऊ तासांचा तो गोंगाट त्याने एका लहान डिस्कमध्ये घालून पोरीच्या पिशवीत ठेवला. त्याआधी सवयीने डिस्क वहीत टिपली. चारशेवीस तास चाललेली, शहाण्णव वेळा सुरू झालेली, कमीत कमी तापमान एकोणीस अंश.

तेव्हापासून दर रविवारी पाच वाजता माइलिनचा फोन येई. ती सांगायची की ऑफिसातलं काम छान आहे, खोली मोठी आहे, थंडी पडली तरी भिंतीतून गरम हवा येते, घरात उघड्या हातांनी वावरते. एव्हेलिओ सांगायचा की गर्दी हटत नाही, कालच अकरा डिस्का तपासल्या, पाठ मोडली. खरं म्हणजे महिन्याला तीन आल्या तर मिळवली. पण दर शनिवारी तो बाराही खुर्च्या पुसून मांडत असे, आणि रविवारी फोन आला की मुद्दाम ओसरीच्या कठड्याशी जाऊन बोलायचा. समोरच्या झाडाखाली रामिरो आणि त्याचे तिघे जोडीदार डॉमिनोच्या सोंगट्या आपटत बसलेले असत. तो आरडाओरडा पोरीच्या कानावर जावा आणि तिला वाटावं की गिऱ्हाइकं आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माइलिनने त्याला बोलवायची कागदपत्रं दोन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. दर महिन्याला विचारायची, पिपो, म्हणजे बाबा, येतोस का? आणि तो म्हणायचा, अगं, मी आलो तर इथल्या लोकांचं कोण बघणार? गिऱ्हाइकांचं हे पांघरूण त्याला फार सोयीचं होतं. आत भीती वेगळीच होती. पोरीचं तिकडे सगळं बस्तान बसलेलं, मोठी खोली, गरम भिंती, मित्रमंडळी. त्यात हा म्हातारा अडगळीसारखा कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडणार? म्हणून तो जात नव्हता, आणि न गेल्याचं दुःख शनिवारी खुर्च्या पुसताना त्याला चांगलं जाणवायचं.

ऑक्टोबरात नियुर्का आली. तीही मान्सानियोचीच, पण मोन्तेविदेओत राहणारी. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून आली होती. तिने माइलिनचं पुडकं आणून दिलं. त्यात चार साबण, दुधाच्या गोड खव्याचा डबा, आणि लोकरी मोज्यांत गुंडाळलेली तीच लहान डिस्क. सोबत चिठ्ठी होती. "पिपो, नवीन मालिका भरल्या आहेत. गिऱ्हाइकांना दे."

सोमवारी सकाळी दहाला वीज आली. एव्हेलिओने कॉफी बाजूला ठेवली, डिस्क जोडली. पोरीनेच पाठवलेली, तिला काय विचारायचं, असा विचार क्षणभर आलाही. पण नियम तो नियम. काळी खिडकी उघडली, ओळ टाइप केली.

बारा हजार चारशे ऐंशी तास. एक हजार चारशे छत्तीस वेळा सुरू.

त्याने वही काढली, चार वर्षांपूर्वीचं पान शोधलं आणि पावाच्या कागदावर वजाबाकी केली. बारा हजार साठ तास, तेराशे चाळीस वेळा. भागाकार केला. नऊ आले. बरोबर नऊ. चार वर्षांत तेराशे चाळीस वेळा, म्हणजे जवळजवळ रोज, पोरीने ही डिस्क लावली होती आणि दर वेळी नऊ तास चालू ठेवली होती. आता मालिका कुणी सलग नऊ तास बघत नाही, तेही रोज, तेही ऑफिस सांभाळून. नऊ तासांची एकच गोष्ट त्या डिस्कमध्ये होती. पोरगी रोज आपली ओसरी लावून झोपत होती.

एव्हेलिओने चष्मा पुसला. काचा मुळात स्वच्छ होत्या. मग तो खाली सरकला आणि तापमानाच्या ओळीशी थांबला. कमीत कमी, पाच अंश.

डिस्क बंद असताना तिला थंडी कळत नाही. ती चालू असतानाच आपलं तापमान टिपते. म्हणजे विमानाच्या पोटातली ही थंडी नव्हे. जिथे कुणीतरी ती जोडून अंथरुणावर पडलं होतं, त्या खोलीत पाच अंश होते. त्याने मनाची समजूत घालून पाहिली. खिडकीशी ठेवली असेल. एखाद्या दिवशी गरम हवेचं यंत्र बिघडलं असेल. मग त्याने गरम हवा येणाऱ्या भिंतीचा विचार केला, आणि पोरगी उघड्या हातांनी वावरते म्हणाली होती ते आठवलं. माणूस खोटं बोलतो, हे वाक्य त्याने आजवर शेकडो लोकांना ऐकवलं होतं. आपल्याच घरच्या माणसाला लावून पाहायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. स्वतःला लावायचं तर लांबच.

दुपारी तो नियुर्काकडे गेला. आईच्या डोळ्याची चौकशी केली, कॉफी घेतली, आणि मग सरळ विचारलं, "पाच अंशांत ती राहते कशी?"

नियुर्काचा चमचा कपात थांबला. "तुला कोण बोललं?"

"डिस्क."

"मला शपथ घातली आहे तिने, एव्हेलिओ. तिलाच विचार," एवढंच ती म्हणाली, आणि उठून आईच्या डोळ्यात औषध घालायला गेली. औषधाची वेळ झाली नव्हती. एव्हेलिओला उत्तर मिळालं.

मंगळवार ते शनिवार हे दिवस त्याने कसे काढले ते ओर्तेन्सियालाच ठाऊक. वाटी जशीच्या तशी परत जाऊ लागली तेव्हा ती म्हणाली, "पाद्रीबुवा, उपास धरलास की माझा हात बिघडला?" तो हसला नाही. शनिवारी त्याने खुर्च्या मांडल्या नाहीत. त्या भिंतीशी एकात एक घालून ठेवल्या होत्या तशाच राहिल्या.

रविवारी पाचला फोन आला तेव्हा तो सवयीने कठड्याशीच उभा होता. माइलिनने विचारलं, पुडकं मिळालं का, मालिका गिऱ्हाइकांना आवडल्या का. त्याने मोजे छान आहेत म्हणून सांगितलं.

"पोरी, खोलीत पाच अंश असतात तेव्हा अंगावर काय घेतेस?"

पलीकडे कुठलंसं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"वाचलंस तर," ती म्हणाली.

"आधी डिस्कला विचारायचं. तुला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच पाठवली, पिपो. तोंडाने सांगायला जमेना." आणि मग तिने सांगितलं. गच्चीवरची खोली, वर पत्रा. ऑफिसात नोकरी नाही, ऑफिसं झाडायची नोकरी. कोट घालूनच झोपायचं. ती हे अशा सुरात सांगत होती जसं दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे.

"त्या आवाजाची दुसरी प्रत ठेवलीस ना?"

"नाही."

"दोन प्रती ठेवायच्या म्हणून किती वेळा सांगितलं? मग आता झोपतेस कशी?"

"नाही लागत झोप," ती म्हणाली. "आता तू सांग. या आठवड्यात किती डिस्का तपासल्यास?"

एव्हेलिओ अकरा म्हणणारच होता. समोर रामिरोने सोंगटी आपटली, चौघे एकदम ओरडले. त्याने सवयीने फोन थोडा त्यांच्याकडे धरला.

"पिपो," माइलिन हळू म्हणाली, "तुझी ओसरी मी चार वर्षं रोज रात्री ऐकली. तिच्यात खुर्च्या सरकतात. फोनवर नुसता डॉमिनो ऐकू येतो. खुर्ची एकदाही सरकली नाही."

त्याने मागे वळून भिंतीशी रचलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"एकच तपासली," तो म्हणाला. "तुझी."

दोघंही रडली असतील, पण एकमेकांना ऐकू दिलं नाही. बापलेक दोघं एकाच मातीची. नंतर तो म्हणाला, की नियुर्का एकोणीस तारखेला परत निघते आहे, तिच्या हाती डिस्क देतो, दोन प्रती करून.

"नियुर्काच्या हाती नको," माइलिन म्हणाली. "ज्याची ओसरी त्यानेच आणायची. कोटाचं माप सांग तुझं. इथे जुने चांगले मिळतात."

मान्सानियोत कोट कोण घालतो? सदुसष्ट वर्षांत कोटाचं माप त्याला कुणी विचारलं नव्हतं. फोन चालूच ठेवून तो आत गेला, बायकोच्या शिवणाच्या डब्यातून कापडी टेप शोधली, छाती मोजली, हात मोजला. पाठीशी आल्यावर अडला. आपल्या खांद्यांचं माप आपल्याला घेता येत नाही. शेवटी त्याने कठड्यावरून ओर्तेन्सियाला हाक मारली.

ती पदरी काहीतरी टोमणा घेऊनच आली असणार. पण तिने त्याच्या हातातली टेप पाहिली, कठड्यावरचा चालू फोन पाहिला, आणि विचारलं, "कशासाठी?" पोरीकडे जायचंय, तिथे कोट लागतो, असं त्याने सांगितलं. ओर्तेन्सियाने टेप एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत नीट धरली, आकडा दोनदा वाचला आणि फोनमध्ये मोठ्याने सांगितला. मग टेप गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि आणलेला टोमणा तसाच परत घेऊन आपल्या घरी गेली.