आमचे खोडरबर आणि समासातली गाणी

एकतीस वर्षं माणूस इमानेइतबारे एकच काम करतो आणि एक दिवस कुणीतरी येऊन म्हणतं, अहो, हे तर नको होतं करायला. आता त्याने काय करावं? मी ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर बावीस वर्षं बसते, फटकळ म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, उत्तर कायम जिभेवर तयार. पण या एका बाबतीत माझीही मती गुंग झालीय.

काकांना आम्ही पाठीमागे खोडरबर म्हणायचो, तोंडावर अर्थात काका. हुद्दा परिचराचा. काम असं की परत आलेल्या पुस्तकांत वाचकांनी पेन्सिलीने जे काही गिरगटलेलं असेल, ते पुसायचं. पुस्तक परत आलं की मी पानं चाळायची, पेन्सिल दिसली की तिथे चिठ्ठी घालायची आणि पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवायचं. डावा तळहात पानावर पालथा ठेवून ते रबर आतून बाहेर, एकाच दिशेने फिरवायचे आणि मग दाढीच्या ब्रशने कीस झटकायचे. मागेपुढे घासणारा माणूस त्यांच्या लेखी पुस्तकाचा वैरी. दिवसाला पाच-सात पुस्तकं तरी व्हायची.

त्यांची एक खोड मात्र मला कधी समजली नाही. खोडण्याआधी ते सगळं वाचायचे, अगदी सावकाश, ओठ हलवत. मी म्हणायची, "काका, जे पुसायचंय ते वाचता कशाला?" तर म्हणायचे, "न वाचता पुसलं आणि कुणाचा निरोप असला तर?" आता कथा-कादंबरीच्या समासात कसला निरोप असणार? पण बोलून उपयोग नव्हता, पालथ्या घड्यावर पाणी.

तर अशात ते फोटो काढणारं पथक आलं. तीन माणसं, दोन कॅमेरे, पुस्तक उघडं धरायला पाळण्यासारखी एक लाकडी घडवंची आणि प्रमुख म्हणून एक मॅडम. देशभरातल्या ग्रंथालयांतली जुनी पुस्तकं पानोपान टिपून एका ठिकाणी ठेवायची, म्हणजे ज्याला हवं त्याने घरबसल्या फुकट वाचावं, असं ते काम. मॅडमनी काकांना अगदी प्रेमाने समजावलं. काकांनी विचारलं, "सभासद व्हावं लागेल?"

"नाही."

"मग परत कधी करायचं?"

"परत करायचंच नाही, काका. वाचकाने नेलं तरी ते आमच्याकडे असतंच."

काका माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, "ताई, न नेता नेतात म्हणजे कसं?" मी म्हटलं, मला काय विचारता, मी इथे देवघेव करते आणि यांच्याकडे ना देव ना घेव. दोघंही बराच वेळ त्या घडवंचीकडे बघत राहिलो.

पहिले आठ दिवस काकांची कॉलर ताठ होती. इतकी स्वच्छ पानं कुठेच मिळाली नाहीत, असं मॅडम सगळ्यांना सांगत होत्या. नवव्या दिवशी त्या एका दुसऱ्या ग्रंथालयाचं पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसल्या. पुस्तक मुळात आमचंच. वीस वर्षांपूर्वी चुकून तिकडे गेलं होतं आणि तिकडे कुणी खोडणारं नव्हतं. समासात बारीक, हलक्या हाताने लिहिलं होतं:

दोरीवर वाळे साऱ्या घराचं कापड,
माझ्या ओल्या धडुत्याला मिळेना जागा.

त्याखाली लिहिलं होतं, "पुढचं मधमाशापालनाच्या पुस्तकात, पान एकशे बारा."

अक्षर मी लगेच ओळखलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची बायको. दर मंगळवारी यायची म्हणून आम्ही तिला मंगळवारवाली म्हणायचो. जाऊन अकरा वर्षं झाली तिला. मॅडम म्हणाल्या, "तिच्या नातीने सांगितलं आम्हाला. घरात तिला लिहू देत नव्हते, कागद दिसला की फाडायचे. बायका धुताना, निवडताना जी गाणी म्हणायच्या, ती तिने लिहून ठेवली तुमच्या पुस्तकांत. ती गाणी आता कुठेच नाहीत. कुणी म्हणत नाही, कुठे छापली नाहीत. फक्त इथे आहेत."

फक्त इथे. तिच्या पुस्तकांत चिठ्ठ्या मीच घालायची, वर म्हणायची, "घ्या काका, मंगळवारवालीने परत रांगोळी काढलीय."

मधमाशापालन काढलं. पान एकशे बारा. समास धुतल्या ताटासारखा स्वच्छ. मॅडमनी पान उजेडात धरलं आणि विचारलं, "इथे काही होतं का?"

काका मागेच उभे होते. "होतं," म्हणाले, "मी पुसलं." आणि मग म्हणाले, "तिची बाकीचीही."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. नियम भिंतीवर लावलाय, नियम करणारे साहेब निवृत्त होऊन घरी बसलेत, आणि या बिचाऱ्याला कशाला? चोर सोडून संन्याशाला फाशी. पण त्या पुस्तक मिटून तशाच खुर्चीत बसून राहिल्या. काकांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. जाताना मला म्हणाले, "मी पुस्तकं राखली की बुडवली गं?"

दुसऱ्या दिवशी ते उघडायच्या आधीच दारात हजर. मॅडम आल्या तशा म्हणाले, "मला येतात. एकशे बारावरचं सांगू?" आणि डोळे मिटून म्हणाले:

हाती धरून उभी मी वाऱ्याला तोंड करून,
वाळलं ते धडुतं, वाळले मी.

मॅडमनी दिवा पानाच्या कडेला आडवा ठेवला. पेन्सिल गेली तरी दाबाचे खळगे राहतात म्हणे. तिचा हात हलका, त्यामुळे सगळं दिसेना, पण "हाती" दिसलं आणि खाली "वाळले" दिसलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, उगाच नाही म्हणणार नाही.

मग चार दिवस तेच. माझ्या जुन्या नोंदींतून तिने नेलेली पुस्तकं शोधायची, काकांनी आठवायचं, मॅडमनी आवाज टिपायचा आणि दिवा आडवा धरून ताडून बघायचं. नऊ गाणी जुळली. काकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

पाचव्या दिवशी एका प्रवासवर्णनाचं पान निघालं. काका लगेच म्हणाले:

झोपेच्या गावाला एकच वाट,
तू हो पुढे, मी आवरून येते.

दिव्यात अक्षरं दिसली, ती "विहीर" आणि "दोर". झोप नाही, गाव नाही. मॅडमनी परत विचारलं. काकांनी परत तेच म्हटलं, या वेळी चालीवर. आणि मधेच थांबले. चेहरा असा झाला की मी पाणी आणायला उठले.

"हे तिचं नाही," म्हणाले, "हे माझ्या आईचं आहे. आई म्हणायची आम्हाला निजवताना. मी विसरलो होतो."

आता झाली पंचाईत. हे आईचं, तर आधीच्या नऊमध्ये आईचं किती आणि तिचं किती? दोन-दोन शब्द जुळले म्हणजे अख्खं गाणं जुळलं का? काकांचं तर पार भरीत झालं. ते उठून म्हणाले, "मॅडम, हे शेवटचं पुसून टाका. तिच्या नावावर माझ्या आईचं नको."

"पुसत नाही काका आम्ही," मॅडम म्हणाल्या. "वेगळं ठेवू. आईच्या नावावर. ज्याची खात्री नाही तिथे खात्री नाही असं लिहू. पण आमच्याकडे पुसत नाहीत."

"चुकलेलंसुद्धा?"

"चुकलेलंसुद्धा."

काका खाली बसले. त्यांना हे पटलंही नाही आणि नाकारताही येईना. इकडे आड, तिकडे विहीर.

संध्याकाळी पथकाने सामान आवरलं. आम्ही दोघंच राहिलो. माझ्या तोंडाला कुलूप कधी असतं? मी विचारलंच, "काका, एवढी पाठ होती म्हणजे आवडत होती ना तुम्हाला? मग पुसलीत कशाला? मी काय तुमच्या मागे काठी घेऊन उभी होते?"

त्यांनी टेबलावरचा कीस ब्रशने झटकला. मग म्हणाले, "पहिल्यांदा नियम म्हणून पुसलं. पुढच्या मंगळवारी तिने तेच पुस्तक परत नेलं. आलं तेव्हा त्याच जागी नवं गाणं होतं. मग मी ते वाचलं आणि पुसलं. पुन्हा नवं. असं वर्षानुवर्षं चाललं, ताई. एकदा मी आजारी होतो, दोन आठवडे पुस्तक तसंच राहिलं, तर तिने काहीच लिहिलं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तिला जागा लागते. मी तिला जागा करून देत होतो."

खिडकी बंद करायची होती, ती मी उघडीच ठेवली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.