पायांवरची जाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल — की आणखी काही, ते मलाही धड कळत नाही.

आम्ही काचीगुड्याला राहतो. माझ्या नवऱ्याला कंपवात आहे. रेल्वेतून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत ह्यांचा हात थरथरू लागला, चाल अडखळू लागली. आवाज तर इतका बारीक झाला की मी सोडून कुणाला तो ऐकू यायचा नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी आणखी एक गोळी सुरू केली. देताना म्हणाले, "पैरों पे जाली जैसे निशान आए तो फौरन बताना अम्मा, गोली बदलेंगे." मी हो म्हणाले. हे नीट आठवतं मला.

गोळी लागू पडली. शर्टाची बटणं हे स्वतः लावू लागले, संडासला एकटे जाऊ लागले. मी हिमायतनगरच्या एका शाळेत शिकवायचे. आठ ते तीन ह्यांना घरी एकटं ठेवता येऊ लागलं. त्याच वर्षी मी मुख्याध्यापिका झाले. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते झालं — आणि त्याच पावसाळ्यात ह्यांच्या पायांवर जाळी उमटली.

जांभळी, घोट्यापासून मांडीपर्यंत. पाय सुजले, चप्पल चढेना. पुढे घोट्याशी कातडी फाटली, ती जखम भरेना.

मला कळलं नव्हतं का? पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं — वेगळ्या दवाखान्यात, मुद्दाम. त्यांनी विचारलं, "दूसरी कोई दवा चल रही क्या?"

"बस, बीपी की," मी म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत ह्यांचे ओठ हलले. डॉक्टर पुढे वाकले. "क्या बोल रहे साब?"

"खुजली बहुत है, बोल रहे."

हे खाजेचं बोलत नव्हते. त्या गोळीचं नाव घेत होते. मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर मी चहा ठेवला, तेव्हा एवढंच म्हणाले, "चालेल. तू जा शाळेत."

आणि मी गेले. अडीच वर्षं गेले. सकाळी मलम लावायचं, पट्टी बांधायची, वर मोजे चढवायचे. मेंदूच्या डॉक्टरांकडे जाताना तर लांब मोजे, उन्हाळ्यातसुद्धा. सगळं ठीक आहे, असं दर वेळी मीच सांगायचे. वाईट वाटायचं का? खरं सांगते, फारसं काही वाटायचं नाही. हात काम करत राहायचे.

शेवटी तिथल्या एका नव्या डॉक्टरणीने तपासताना मोजे उतरवले. "कब से है ये?"

"दो-तीन हफ्ते," मी म्हणाले. तेव्हाही.

तिने गोळी हळूहळू बंद केली. दोन-तीन महिन्यांत जाळी पुसट झाली, जखम भरली. घोट्यावर काळा डाग राहिला, तो कायमचा. हात पुन्हा थरथरायला लागले, बटणं लावणं सुटलं. मी महिन्याची रजा टाकली, आणि शेजारणीने तारनाक्याची एक बाई आणून दिली. लक्ष्मम्मा. सकाळी साडेसातला येते, चारला जाते. ह्यांना आंघोळ घालते, जेवू घालते, तेलुगूत काहीबाही सांगत गच्चीवर फिरवून आणते. दुसऱ्या महिन्यात मी शाळेत परत रुजू झाले. अजून मुख्याध्यापिकाच आहे.

नातेवाईक म्हणतात, नवऱ्याचं फार केलंस हो. मी ऐकून घेते. ह्यांच्यासमोर म्हणतात, तेव्हाही.

बाई शोधायला शेजारणीला तीन दिवस लागले. अडीच वर्षांत मी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.