दीडचा डबा

घरून काम करा, असा हुकूम आमच्या परभणीच्या ऑफिसात आला तेव्हा आम्ही जेवत होतो. त्या गडबडीत शेजारच्या टेबलावरच्या मित्राचा डबा माझ्या पिशवीत आला आणि माझा त्याच्याकडे गेला. बारा वर्षं दीड वाजता आम्ही एकमेकांची भाजी खाल्ली होती. ऑफिस उघडलं की डबे बदलून घेऊ, असं फोनवर ठरलं.

घरी बसून मला ऑफिसचा वीट आला. दिवसभर साहेबांचे फोन, त्यात दीड वाजता याचा. "जेवलास का?" एवढंच विचारायचा, पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. मी वैतागायचो. नंतर नंतर फोन वाजू द्यायचो आणि ताटावर बसायचो.

ऑफिस उघडायच्या आधीच करोनानं त्याला नेलं. महिन्याभरानं मी पेडगावला त्याच्या घरी डबा द्यायला गेलो. कुणाचा डबा रिकामा परत करू नये म्हणतात, पण दुखवट्याच्या घरी काय भरून न्यावं ते कळेना. रिकामाच नेला.

वहिनींनी आतून माझा डबा आणला. घासून लख्ख केलेला, आत मूठभर शेंगदाणे.

"ताटात वाढलं तर जेवायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "दीड वाजला की ह्याच्यातच भाकर मागायचे. आधी तुमाला फोन लावायचे, मग झाकण काढायचे. तुमी उचलला न्हाई, तर डबा तसाच परत यायचा, भाऊजी."