तुमचं दुखणं माह्या अंगावर

आधीच सांगून टाकते, मी नर्स आहे. भूत, करणी, बाहेरचं... ड्युटीवर असताना असलं काही ऐकवणाऱ्या नातेवाइकांना मी फाडकन बोललेली आहे — "आधी गोळ्या वेळेवर द्या, मग बघू कोणी काय केलं ते!" माझं तोंड तिखटच आहे, आता शिकवते त्या कॉलेजातल्या मुलीही घाबरून असतात. त्यामुळे हे वाचून "मॅडम, तुम्हीपण?" अशी कमेंट करावीशी वाटली तर खुशाल करा. मी स्वतःलाच रोज ते विचारते.

तेव्हा मी वर्ध्याला एम.एस्सी. नर्सिंग करत होते. रिसर्चचा विषय होता घरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची सेवा करणारी माणसं. त्यांना नीट शिकवलं तर पेशंटला बेडसोर कमी होतात का, हे बघायचं होतं. बेडसोर म्हणजे एकाच अंगावर पडून राहिल्याने कातडी दबून पडणारी जखम. आधी लाल होते, मग फुटते, मग आत हाडापर्यंत जाते. ज्याने एकदा पाहिली तो विसरत नाही. वास तर नाहीच विसरत.

माझ्या पेशंटपैकी एक तळेगावला होत्या, आमच्या जिल्ह्यात श्यामजी पंतांचं म्हणतात त्या तळेगावला. वच्छलाबाई. लकव्याने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. एकच शब्द शिल्लक राहिला होता — "हौ". भूक लागली तरी हौ, नको असलं तरी हौ. त्यांचं सगळं करायची त्यांची सून, वनिताताई. नवऱ्याचं बाजारात किराणा दुकान, तो दिवसभर तिकडेच. म्हणजे घरात ह्या दोघीच.

पहिल्या भेटीत मी वच्छलाबाईंना कुशीवर वळवलं आणि कपाळाला हात लावला. कमरेखाली काय होतं, माहीत आहे? चुंबळ! डोक्यावर पाण्याचा गुंड घेताना बायका जुन्या लुगड्याची गोल वळी करून ठेवतात ना, ती.

"ताई, हे काय?"

"मॅडम, चुंबळ ठेवली का डोक्याले गुंड टोचत नाई. मंग कंबरीले तं बरंच वाटन नं जी?"

तिचं चुकलं कुठे सांगा? वर्षानुवर्षं डोक्याने शिकवलेलं तिने कमरेला लावलं. पण अंथरुणावर उलटं होतं. वळीच्या कडेने रक्त अडतं आणि मधली कातडी मरते. वच्छलाबाईंच्या माकडहाडावर चुंबळीची लालभडक गोल खूण उठली होती. डाव्या बाजूला जिथे लुगड्याची गाठ आली होती तिथे खोल खाच. आणि वर्तुळाच्या मधोमध फुटलेली जखम.

मी चुंबळ फेकून दिली आणि रागावलेही. मग शांतपणे शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती नको, अंग कोरडं ठेवा, लाल जागेवर तेल चोळू नका. वनिताताई शिकायला एकदम तयार बाई. एकदा सांगितलं की झालं. फक्त एक गोष्ट ती स्वतःच्या मनाची करायची. सासूची कूस बदलून झाली की दोन्ही हात तिच्या तोंडावरून फिरवायचे, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची आणि म्हणायचं, "आत्याबाई, तुमचं दुखणं माह्या अंगावर."

अलाबला घेणं. आपल्याकडे कोण घेत नाही हो? माझी आई अजून घेते. हमरस्त्यावरच्या जाम गावात, चौकातच आमचं घर, खाली बाबांचं टायरचं दुकान. मी सुट्टीत बसमधून उतरले की आई भर रस्त्यात, ट्रकवाल्यांसमोर, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडते. मला लाज वाटायची. त्यामुळे वनिताताईंना मी काही बोलले नाही. मायेचा हात आहे, लागू दे की पेशंटला.

जखम भरू लागली. पुढच्या भेटीला अर्धी, त्याच्या पुढच्या भेटीला फक्त गुलाबी डाग. इतक्या लवकर! अशक्त, म्हाताऱ्या बाईची कातडी एवढ्या झपाट्याने भरत नाही. पण मला काय, मी खूश. प्रेझेंटेशनमध्ये फोटो लावायचे मनसुबे सुरू झाले. त्या आनंदात वनिताताईंकडे माझं लक्षच नव्हतं. चहा देताना त्या उभ्याच होत्या. "बसा ना ताई" म्हटलं तर म्हणाल्या, "राहू द्या, मले बसलं का दुखते जरासं."

त्यानंतरच्या भेटीत त्या चालत होत्या त्याही वाकून. मी दार लोटलं, त्यांना चटईवर पालथं झोपायला लावलं आणि साडी खाली सरकवली.

काय सांगू तुम्हाला. मी बर्नचे पेशंट पाहिलेत, पोस्टमॉर्टेमला उभी राहिलेय. पण त्या दुपारी मी साडी वर ओढली आणि पुन्हा खाली करून बघितलं... माकडहाडावर गोल लाल खूण. डाव्या बाजूला गाठीची खाच. मधोमध जखम — सासूची होती त्यापेक्षा खोल.

"चुंबळीवर झोपत होत्या का तुम्ही?" मी ओरडलेच.

"नाई वो मॅडम. चुंबळ तं तुमीच फेकली."

चालत्याफिरत्या बाईला बेडसोर होत नाही. होऊच शकत नाही! नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं तर तो म्हणाला, "दिवसभर पायावर राह्यते ही, मॅडम. पाठ टेकवाले टाईम कुठं आहे हिले?" शुगर तपासली, नॉर्मल. आर्वीला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी अँटिबायोटिक लिहून दिलं आणि "परकराची नाडी सैल बांधा" असं सांगितलं. माझ्या गाईड मॅडमनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "पेशंटचाच फोटो दोनदा पाठवलास." मी सांगितलं, हा सुनेचा आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "ही केस रिसर्चमधून काढून टाक."

जखम वाढत गेली. वनिताताईंना ताप येऊ लागला. मी म्हटलं, ॲडमिट व्हा, नाहीतर हे रक्तात पसरेल, जीव जाईल. तर म्हणे, "मी गेली तं आत्याबाईची कूस कोन बदलन?" आणि तेवढ्या तापातही ती उठायची, सासूला वळवायची, कानशिलावर बोटं मोडायची. मी एकदा चिडून म्हणाले, "ते तरी बंद करा!" का म्हणाले, तेव्हा मलाही कळलं नाही. ती हसली नुसती.

आता जे सांगते ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. भर दुपार, दार उघडं, बाहेर अंगणात कोणाच्या तरी गाडीवर संत्री भरणं चाललं होतं. मी वनिताताईंचं ड्रेसिंग करत होते. जखमेत गॉज घालताना त्यांच्या तोंडून "आई गं!" निघालं. इतके दिवस ती बाई सासूपासून हे लपवत होती, दात आवळून. एरवी त्यांना भिंतीकडे वळवून मगच आम्ही ड्रेसिंग करायचो, त्या दिवशी राहिलं. वच्छलाबाईंचं तोंड आमच्याकडे होतं. त्यांनी पाहिलं. सगळं पाहिलं.

त्यांच्या घशातून एक आवाज आला, गाय हंबरते तसा. वनिताताई तशीच उठून धावली, "काय झालं आत्याबाई, काय पाह्यजे?" — आणि त्यांच्यावर वाकली. वच्छलाबाईंनी डावा हात उचलला. तोच एक हलणारा हात, पण अशक्तपणाने त्यानेही चमचा धरता येत नव्हता हो! तो हात सुनेच्या तोंडावरून सावकाश फिरला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग त्यांनी तो स्वतःच्या कानशिलावर नेला आणि दाबला. कडाकडा पाचही बोटं मोडली. खोलीभर आवाज आला.

"हौ," त्या म्हणाल्या.

वनिताताई किंचाळली, "नाई, नाई आत्याबाई! असं काऊन केलं जी?" तिने पुन्हा सासूच्या तोंडावर हात न्यायला घेतले, तर म्हातारीने तिचं मनगट पकडलं. मी सोडवायला गेले. सुटेना. त्या सुनेकडे बघत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मनगट काही सोडत नव्हत्या.

पुढच्या भेटीला वनिताताईंचा ताप उतरला होता, जखमेला कोवळी कातडी धरली होती. आणि वच्छलाबाईंची पाठ... नको. हाडापर्यंत गेलं होतं, एवढंच लिहिते. रोज ड्रेसिंग केलं, सलाईन लावलं. वनिताताई कूस बदलायला जवळ आली की त्या आधी तिचा हात धरायच्या, मगच वळू द्यायच्या. महिनाही काढला नाही त्यांनी.

आता तुम्ही स्पष्टीकरणं द्याल. मीही दिलीत. मरणाच्या आधी कातडी अशी झपाट्याने जाते, पुस्तकात आहे. औषधाने जखम भरते, त्यात नवल नाही. लकव्याच्या पेशंटला एखाद्या क्षणी जोर येतो. एकेक गोष्ट सुटी घेतली की जमतं. पण ती खाच? त्याच जागी, त्याच बाजूला?

तेरवीला गेले होते. वनिताताई पाटावर नीट बसली होती आणि बसता येतंय म्हणूनच रडत होती. "मॅडम, सगळ्या बाया म्हनतात तसं मी म्हनत होती. खरंच होते, हे मले का मालूम? मालूम असतं तरी..." निघताना तिने सवयीने माझ्या तोंडावरून हात फिरवायला उचलले. मी पटकन मागे सरले. तिलाही कळलं. तिने हात खाली घेतले आणि पदराला पुसले.

तिथून मी थेट जामला गेले. लहानपणी मला दमा होता. रात्र रात्र आई मला मांडीवर बसवून ठेवायची, तोंडावरून हात फिरवायची, बोटं मोडायची. सातवी-आठवीत दमा गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, वयाने जातो. आईला मात्र हल्ली दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते. चौकातली धूळ, ट्रकचा धूर... मी स्वतः तिला इनहेलर घ्यायला शिकवलंय. हे सुरू कधी झालं, ते मी तिला कधी विचारलं नव्हतं.

बसमधून उतरले. आई धापा टाकत समोर आली आणि तिने हात उचलले. मी तिचे दोन्ही हात धरले. "आई, पुरे. आता नको."

"काऊन वं?"

मी हात सोडले नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि म्हणाली, "तू चांगला दम घेऊन राह्यली नं? मंग झालं तं."

मी तिचे हात सोडले आणि माझे तिच्या तोंडाकडे नेले. तिने माझं मनगट पकडलं. धाप लागलेली बाई, पण मला ते सोडवता आलं नाही.