नांगर कोण धरतं?

वैशाखऱ्यांच्या सुनेला, मालूला, कॅमेऱ्याची भीती नव्हती, भीती होती एका प्रश्नाची. कल्याणहून आलेली हेतल शेतकरी बायांवर छोटी फिल्म करत होती आणि सकाळपासून घरोघर एकच विचारत होती, "नांगर कोण धरतं?"

राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडताना मालूचा नवरा चांगो ऐनाच्या झाडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. धाकट्या दिरानं, भगीरथनं, तेव्हा हात झटकले. मग जंगलाकडच्या भाताच्या खाचरात मालूनंच नांगर धरला, तीन वर्षं, लपूनछपून. बाईनं नांगराला हात लावला की पाऊस पळतो, असं गाव मानतं. म्हणून घरात ठरलं, कुणी विचारलं तर सांगायचं, भाऊजी नांगरतात. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण त्या आयत्या बिळात नागोबा शिरला. "कसतो मी, तर खाचर माझ्या नावावर करा," असं भगीरथ आता चारचौघांत म्हणू लागला होता.

खाचरात जुंपलेल्या बैलांशेजारी उभा राहून तो कॅमेऱ्यासमोर छाती पुढं काढून म्हणाला, "मीच धरतो. वयनीला इचारा."

मालूनं हो म्हणावं तर खाचर जातं, नाही म्हणावं तर गाव तोंडात शेण घालतं. त्यात बांधावर जनाबाई उभी, गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तिखट जिभेची.

"मग दादा, जरा नांगर धरून चिखलणी करून दाखवा ना," हेतल म्हणाली.

भगीरथनं नांगर धरला. बैल जागचे हलेनात. त्यानं हाकारलं, शिव्या घातल्या, शेवटी पवळ्या बैलाच्या पाठीत काठी हाणली. दुसऱ्यांदा उगारली, तशी मालूच्या तोंडून निघूनच गेलं, "पवळ्या, चल रे लेकरा!"

दोन्ही बैल निघाले ते थेट तिच्याकडं. भगीरथ चिखलात तोंडावर आपटला. कुणी हसलं नाही. सगळे मालूकडं बघत होते, कॅमेरासुद्धा.

आता लपवायला उरलं होतं काय? साडी वर खोचून ती खाचरात उतरली आणि तिनं नांगर धरला.

"तीन वर्सं मीच धरलाय," ती म्हणाली. "आन पाऊस तीनी वर्सं आलाय. मोजा तुमी."

जनाबाईनं आभाळाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मंग उभी काय रायलीस गो? हाक बैल. भाताची लावणी खोळंबलीय."