सुरकुत्यांचा कारागीर

पावणे गावातल्या त्या लाकूड कोरणाऱ्या कारागिराचा पंजा एवढा, की त्यात आमचा अख्खा टू-बीएचके मावला असता! नाव विचारायचं राहूनच गेलं. आई गेल्यावर तिचा फोटो भिंतीवर लावला, तर बाबा रोज विचारायचे, "ही कोण बाई?" हाताला तरी ओळख पटेल, म्हणून तिचा चेहरा सागवानात कोरून घ्यायला गेलो.

फोटो बघून तो हसला. "मोबाईलवर आईला गुळगुळीत केलंत ना, साहेब? सुरकुत्याच पुसल्यात, तर मी कोरू काय?"

मी मूळ फोटो शोधून दिला. प्रत्येक रेषेआधी तो कोरायची पटाशी शर्टाला पुसायचा, जणू आईच्या खऱ्या कपाळालाच लावायचीय.

घरी बाबांनी लाकडी कपाळावर अंगठा फिरवला. एका आठीवर थांबले. "ही माझ्यामुळं पडली," म्हणाले, आणि तिच्याशी पुन्हा भांडायला बसले.